बियाला गाव असतं

पालशेतच्या तिठ्यावर माझं दुकान.
खतं, फवारे, पाइपाचे जोड, दोडक्याच्या पुड्या.
आषाढातल्या एका रविवारी परकारांचा अय्याज आला,
चार वर्षांनी, कुल्लूहून,
आणि काउंटरवर काडेपेटी उघडली.

नऊ बिया.
चितकबऱ्या, गुळगुळीत,
टिटवीनं मुंगीच्या मापाची अंडी घालावीत तशा.
"नाटेकरकाका, भांग आहे.
तीन जाती होत्या, मी ही निवडली.
आपल्याकडं उघड्यावर येईल ना?"

मी आधी शटर अर्धं ओढलं.
पोलीस पाटील समोरच्या टपरीवर
रोज याच वेळी वडा खातो.

मग म्हटलं, बस.
बी निवडताना जात मागाहून विचारायची.
आधी विचारायचं, वारा कुठला.
खाडीच्या अंगाला पानावर मीठ बसतं.
सड्यावर वीतभर माती, खाली कातळ,
पाऊस येतो आणि न टेकता निघून जातो.
घाटाच्या पायथ्याशी धुकं दहापर्यंत बसून,
चहा झाला तरी न उठणारा पाहुणा.
चिपळूणची चवळी इथं येऊन रुसते,
आणि तू हिमालय खिशात घालून आलास.

हे झाड उजेड मोजतं, बाबा.
तिकडं जेठात दिवस संपता संपत नाही,
तेवढ्यात ते पुरुषभर वाढून घेतं
आणि दिवस आखडला की फुलतं.
इथला दिवस तेवढा लांबतोच कुठं?
त्याला वाटेल, हंगाम सरला.
हातभर असतानाच म्हातारं होईल.
आणि फुललंच दाट,
तर भाद्रपदातली ओल आत शिरेल,
करडी बुरशी धरेल,
भिजलेल्या सुकटीला धरते तशी.

अय्याज बराच वेळ काडेपेटी
उघडत होता, मिटत होता.
मग म्हणाला,
"तिकडं थंडीत माझं नाक रोज फुटायचं."

मी माळ्यावरून बरणी काढली.
बापानं शेवटचा ताग घेतला, त्यातलं बी.
काळपट, मूत्रपिंडाच्या आकाराचं,
दिसायला काहीच नाही.
तुझ्या आज्याची रापण ह्याचीच होती, मी म्हटलं,
सूत माझ्या बापानं मांडीवर वळलेलं.
दोघं भांडायचे पैशांवरून,
जाळं मात्र कधी भांडलं नाही.
मग नायलॉन आलं. निळं, स्वस्त, न कुजणारं.
बाप तरी एक सरी लावायचाच,
बैलाच्या दाव्यापुरती.
मग बैल गेला. मग तो.

बाहेर मयेकरणीच्या कोंबड्या फिरत होत्या.
अय्याजनं पायरीवर बसून
एकेक बी त्यांच्यापुढं टाकली.
मी आठ मोजल्या.
नववीचं विचारलं नाही.

कार्तिकात, भात कापून झाल्यावर,
त्याच्या खलाटीच्या कडेला
आम्ही ताग टाकला, एकोणीस बिया.
वर पाऊस नाही, खाली उरलेली ओल आणि पहाटेचं दव,
तेवढ्यावर जगायची त्याला सवय.
सात उगवले.
त्यातला एक गुरानं खाल्ला.
पौषात पिवळी फुलं आली, शेंगा धरल्या,
वाळून हलवल्या की खुळखुळायच्या.
अय्याजची पोरगी एक कानाशी धरून झोपायची.

बी काढून घेतलं, काटक्या खाडीत बुडवल्या.
वास सुटला तेव्हा त्याची आई बोंबलली,
आणि मग अंगणात गप्प उभी राहिली,
ओळखीचं कुणी हाक मारून गेल्यासारखी.

सहा ताटांची दोरी केवढी होणार?
पाच हात. त्यातही दोन ठिकाणी माझा अंगठा चुकलेला.
तिनं तो होडी बांधणार होता,
मी म्हटलं, वेडा आहेस, कोंबडी बांध.

नवं बी बरणीत भरलं.
बापानं चिठ्ठी ठेवली नव्हती,
त्याला सगळं ठाऊक होतं.
मी खताच्या पावतीमागं लिहिलं:
ताग. परकारांची खलाटी.
भात कापल्यावर, दव असताना.
घाटावर नेऊ नये.